सत्र न्यायालयातून हेगला: काही महिन्यांसाठी जावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "यवतमाळच्या जिल्हा व सत्र न्यायालयात सात वर्षं वकिली करते. बहुतेक कामं बचावाची. शिक्षण मराठी माध्यमातून, परदेशी पदवी नाही. हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात वकिलांना काही महिन्यांसाठी 'व्हिजिटिंग प्रोफेशनल' म्हणून घेतात असं कळलं. पगार नसतो म्हणे. मला घेतील का? जावं का? आणि पुढे तिथेच नोकरी लागेल का?"

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीची उत्तरं त्यावर अवलंबून आहेत. तिथे नोकरी लागावी एवढ्यासाठीच जाणार असाल तर जाऊ नका.

मी २०१७ साली नागपूरहून सहा महिन्यांसाठी गेले, तेव्हा माझ्या वकिलीला तेरा वर्षं झाली होती. माझ्या आगेमागे आलेल्या आठ-दहा जणांपैकी दोघांना पुढे त्या क्षेत्रात कायमचं काम मिळालं, आणि दोघंही सदस्य देशांतले होते. भारत सदस्य नाही. १७ जुलै १९९८ रोजी रोममध्ये या न्यायालयाच्या मूळ कायद्यावर, म्हणजे रोम संविधीवर मतदान झालं, तेव्हा १२० देश बाजूने, ७ विरोधात आणि २१ तटस्थ होते. भारत तटस्थांमध्ये होता. सुरक्षा परिषदेने या न्यायालयाकडे प्रकरण पाठवावं किंवा चालू प्रकरण थांबवून ठेवावं, हा अधिकार आपल्याला मान्य नव्हता. अण्वस्त्रांचा वापर गुन्ह्यांच्या यादीत नाही, हाही आक्षेप होता. ती भूमिका आजतागायत बदललेली नाही. त्यामुळे कायम पदांच्या भरतीत सदस्य देशांच्या नागरिकांना झुकतं माप मिळतं. तात्पुरत्या कामासाठी येणाऱ्यांना जी थोडीफार आर्थिक मदत दिली जाते, तीही मुख्यतः विकसनशील सदस्य देशांतल्या उमेदवारांसाठी असते. आपल्याला दार बंद नाही, पण आत जायचं ते स्वतःच्या खर्चाने, हे धरून चालायचं.

दुसरं कारण बाजारपेठेचं आहे. रवांडातल्या नरसंहाराचे खटले चालवणारं आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरण २०१५ अखेर बंद झालं, युगोस्लाव्हियासाठीचं २०१७ अखेर, लेबनॉनसाठीचं २०२३ अखेर. वीस-वीस वर्षं या खटल्यांवर काम केलेली माणसं मोकळी झाली आणि थोड्याशा जागांसाठी तीही अर्ज करतात. त्यांच्याशी स्पर्धा करण्यात काही चूक नाही, पण सहा महिन्यांच्या बिनपगारी कामाचं फळ म्हणून ती जागा आपल्याला मिळेल असं गृहीत धरून घरातले पैसे खर्च करू नयेत.

मग जायचं कशासाठी? पुरावा वाचायला शिकण्यासाठी. हे वाक्य साधं वाटेल, कारण तुम्ही सात वर्षं तेच करताय. मीही तेरा वर्षं तेच करत होते आणि मला ते येतं अशी माझी खात्री होती.

आधी या कामाचं स्वरूप सांगते. इंटर्नशिप ही नवख्या, नुकत्याच शिकून बाहेर पडलेल्या मुलांसाठी असते आणि तिथे साधारण ३५ वर्षांच्या आतले उमेदवार पाहिले जातात. व्हिजिटिंग प्रोफेशनल म्हणजे अनुभवी माणूस: किमान तीन वर्षांचा संबंधित अनुभव, मुदत एक ते सहा महिने. इंग्रजी किंवा फ्रेंच यांपैकी एक भाषा उत्तम हवी, कारण न्यायालयाच्या कामकाजाच्या भाषा या दोनच. तुमची सात वर्षं पुरेशी आहेत. मराठी माध्यमाची भीती मनातून काढून टाका. तिथल्या निम्म्या माणसांची इंग्रजी ही दुसरी किंवा तिसरी भाषा असते. मी पहिलं टिपण लिहून दिलं ते लाल खुणांनी भरून परत आलं, आणि त्यात व्याकरणाची चूक एकच होती. बाकी सगळं 'अत्यंत नम्रतापूर्वक सादर करण्यात येते की' छापाचं होतं, जे आपण इथे अर्जात सवयीने लिहितो. एका वाक्यात एक मुद्दा आणि त्या मुद्द्याला एक तळटीप, एवढंच त्यांना हवं होतं. ते लिहायला मराठी माध्यमाची मुलगी दोन आठवड्यांत शिकते.

खरी निवड करायची ती विभागाची. न्यायालय म्हणजे एकच कचेरी नव्हे. न्यायाधीशांची दालनं आहेत (एकूण १८ न्यायाधीश), अभियोक्त्याचं स्वतंत्र कार्यालय आहे, रजिस्ट्री आहे. प्रशासकीयदृष्ट्या रजिस्ट्रीत, पण कामात स्वतंत्र अशी आणखी दोन कार्यालयं आहेत, एक बचावाला मदत करणारं आणि दुसरं पीडितांची बाजू मांडणारं. शिवाय प्रत्येक आरोपीच्या वकिलाची स्वतःची चमू असते. बहुतेक अर्जदारांना अभियोक्त्याचं कार्यालय हवं असतं, कारण बातम्यांत तेच दिसतं. मोठ्या कार्यालयात माणूस एका कोपऱ्यातल्या एका कामाला लागतो. बचावाची चमू लहान असते, हात कमी आणि कागद डोंगराएवढे, त्यामुळे उलटतपासणी येणाऱ्या माणसाला पहिल्या आठवड्यातच खरं काम मिळतं. मी बचावाकडे गेले. तुम्हीही तिकडेच जावं असं मला वाटतं. पीडितांच्या बाजूचं कार्यालय हा दुसरा चांगला पर्याय. रोम संविधीच्या ६८व्या कलमाखाली पीडितांना स्वतःच्या वकिलामार्फत खटल्यात म्हणणं मांडता येतं. ते कसं चालतं हे पाहिलेला वकील आपल्याकडे दुर्मीळ आहे.

आता कामाबद्दल. तिथल्या प्रत्येक कागदाला क्रमांक असतो, आणि तो वाचता येणं हीच पहिली परीक्षा. उदाहरणार्थ, आयसीसी-०१/०४-०१/०६-२८४२. यातला ०१/०४ म्हणजे २००४ साली दाखल झालेली पहिली 'परिस्थिती' (ज्या देशातल्या गुन्ह्यांचा तपास चालतो तो देश), अर्थात काँगो. ०१/०६ म्हणजे त्या परिस्थितीतलं २००६ सालचं पहिलं प्रकरण, मुलांना सैनिक म्हणून वापरल्याचा आरोप असलेला सशस्त्र गटाचा म्होरक्या थॉमस लुबांगा याचं. २८४२ म्हणजे त्या प्रकरणातला दोन हजार आठशे बेचाळिसावा कागद. तो कागद म्हणजे १४ मार्च २०१२ चं निकालपत्र, या न्यायालयाचं पहिलं. क्रमांकाच्या शेपटीला 'कॉन्फ' असेल तर कागद गोपनीय, 'रेड' असेल तर नावं झाकून जाहीर केलेला. पुराव्याच्या पानांना वेगळे क्रमांक असतात, अगदी पानागणिक. आपल्याकडे निशाणी ३२ म्हटलं की अख्खा पंचनामा आला, मग त्यातलं वाक्य शोधत बसा. तिथे लिखाणातल्या प्रत्येक विधानाखाली पान आणि ओळ लागते. 'साक्षीदाराने आधी असं म्हटलं होतं' एवढं लिहून भागत नाही. कुठल्या दिवशीचा प्रतिलेख, कितवं पान, कितव्या ओळीपासून कितव्या ओळीपर्यंत, हे सगळं द्यावं लागतं.

साक्ष नोंदवण्याची पद्धत पाहून मी पहिल्या दिवशी गप्पच झाले. आपल्या कोर्टात साक्षीदार बोलतो, न्यायाधीश ते स्वतःच्या शब्दांत स्टेनोला सांगतात, आणि उलटतपासणीतली आपली सूचना कागदावर उतरते ती अशी: 'हे म्हणणे खरे नाही की, मी घटनेच्या वेळी तेथे हजर नव्हतो.' प्रश्न काय होता, साक्षीदार किती वेळ थांबला, आधी 'हो' म्हणून मग 'नाही' म्हणाला का, यातलं काहीच उरत नाही. हेगला प्रश्न आणि उत्तर शब्दशः उतरतं, बोलता बोलता पडद्यावर दिसत जातं, इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये वेगवेगळं. दुभाष्यांना वेळ मिळावा म्हणून उत्तरानंतर पाच सेकंद थांबून मगच पुढचा प्रश्न विचारायचा असतो. कुणी घाई केली की न्यायाधीश अडवतात. आपल्या उलटतपासणीचा सगळा जोर वेगात असतो: साक्षीदाराला विचार करायला फुरसत द्यायची नाही. पाच सेकंदांचा नियम तो जोरच काढून घेतो. मग उरतं काय? प्रश्नांचा क्रम. कुठला प्रश्न आधी, कुठला नंतर, कुठलं दार आधी बंद करायचं. मी परत आल्यावर माझी उलटतपासणी बदलली ती इथे. आता मी आदल्या रात्री प्रश्न लिहून काढते आणि प्रत्येकासमोर जबाबाचं पान आणि ओळ लिहिते.

एक गोष्ट जरा सविस्तर सांगते. चालू प्रकरणांतलं काही सांगायचं नाही असं लिहून दिलेलं असतं आणि ते आयुष्यभर पाळायचं असतं, म्हणून हे सरावासाठी दिलेल्या जुन्या, जाहीर कागदांबद्दल आहे. साक्षीदारांच्या म्हणण्यातल्या विसंगतींचा तक्ता करायचा होता. एका ठिकाणी साक्षीदार म्हणतो, वडील घरी होते. दुसऱ्या ठिकाणी म्हणतो, वडील त्याआधीच वारले होते. माझ्याबरोबरच्या तरुणाने ती मोठी विसंगती म्हणून लाल रंगात टाकली. मी थांबले, कारण माझ्या घरी थोरल्या चुलत्याला आम्ही सगळी पोरं 'मोठे बाबा' म्हणत असू, आणि शाळेच्या दाखल्यापासून लग्नपत्रिकेपर्यंत घोटाळा व्हायचा. साक्ष स्वाहिलीत होती. स्वाहिलीत वडिलांच्या थोरल्या भावाला 'बाबा म्कुब्वा' म्हणतात, शब्दशः मोठे बाबा. बोलताना नुसतं 'बाबा' म्हटलं तरी घरच्यांना कळतं, भाषांतरात मात्र ते 'वडील' होऊन बसतं. आम्ही मूळ ध्वनिमुद्रण तपासायची शिफारस लिहिली. बचावाच्या माणसाने विसंगती सोडून का द्यावी, असं तुम्ही विचाराल. कारण सरकार पक्ष उद्या ती दोन मिनिटांत खोडून काढेल आणि त्या दोन मिनिटांत तक्त्यातल्या बाकीच्या खऱ्या विसंगतींवरचाही विश्वास जाईल. माझ्या चमूने हे मान्य केलं आणि त्यानंतर नात्यांचे शब्द तपासण्याचं काम माझ्याकडे आलं.

हे मुद्दाम सांगतेय, कारण अर्जात काय लिहावं हा प्रश्न यातूनच सुटतो. माझ्या वेळी अर्जासोबत न्यायालयाच्या कामाशी संबंधित विषयावर साडेसातशे शब्दांचा निबंध, प्रेरणापत्र आणि दोन शिफारसपत्रं लागत होती. अटी बदलतात, चालू जाहिरात नीट वाचा. प्रेरणापत्रात 'मला लहानपणापासून मानवी हक्कांची तळमळ आहे' असं लिहू नका. तुम्ही खून, खुनाचा प्रयत्न, पोक्सो, ॲट्रॉसिटी यांची किती सत्र प्रकरणं स्वतः चालवलीत, त्यात फितूर साक्षीदार कसे हाताळलेत, मराठीत किंवा कोलामीत बोललेल्या साक्षीचा इंग्रजी तर्जुमा वरच्या कोर्टात कसा अडचणीत आणतो, हे लिहा. तिथे उत्तम विद्यापीठांतून आलेले, आंतरराष्ट्रीय कायदा तोंडपाठ असलेले अर्जदार भरपूर असतात. उभं राहून साक्षीदाराला प्रश्न विचारलेले फार कमी. तुमचं भांडवल ते आहे. शिफारसपत्रही मोठ्या नावाचं नको. ज्या सीनियरने तुम्हाला साक्ष घेताना पाहिलंय त्यांचं घ्या, आणि त्यांना एखादं ठरावीक प्रकरण आठवून लिहायला सांगा.

पैशाचं बोलू. हेगमध्ये भाड्याच्या एका खोलीला महिन्याला सातशे-आठशे युरो सहज जातात. वर एक-दोन महिन्यांची अनामत. आरोग्य विमा स्वतःचा लागतो. जाण्या-येण्याचं तिकीट, खाणं, थंडीचे कपडे धरले तर सहा महिन्यांचा हिशोब सात-आठ लाखांच्या आत बसवणं कठीण आहे. आणि त्या सहा महिन्यांत इथली फी बंद. म्हणून मी सरसकट सहा महिने सुचवत नाही. तीन महिने बरे. पहिला महिना पद्धत समजण्यात जातो, त्यामुळे एक-दोन महिन्यांत हाती फार लागत नाही. चौथ्या महिन्यानंतर मात्र शिकण्याचा वेग कमी होतो आणि खर्च तोच राहतो. उन्हाळ्यात, जुलै-ऑगस्टच्या सुमारास तीन आठवडे न्यायालयाला सुट्टी असते. तुमच्या तीन महिन्यांत ती सापडू देऊ नका. आपल्या मे महिन्याच्या सुट्टीला जोडून एप्रिलच्या मध्याला गेलात तर इथल्या तारखाही कमी बुडतात.

व्हिसासाठी स्वीकृतीपत्र हातात येताच कामाला लागा. तिकीट व्हिसा आल्यावरच काढा. राहण्याची जागा इंटरनेटवर पाहून आगाऊ पैसे पाठवू नका, त्यात फसलेली माणसं मी पाहिली आहेत. आधीच्या तुकडीतल्या कुणाची खोली रिकामी होत असेल तर ती सगळ्यात सुरक्षित. न्यायालयाची इमारत शहराच्या कडेला, वाळूच्या टेकड्यांना लागून आहे. पूर्वी तिथे लष्कराची बराक होती. सायकलने जावं लागतं आणि समुद्राकडून येणारा वारा रोज समोरूनच असतो असं वाटतं. भाजीसाठी हाग्से मार्क्ट नावाचा मोठा उघडा बाजार आहे. सुरीनाममधून आलेल्या, मूळच्या भोजपुरी मुलखातल्या कुटुंबांची त्या भागात मोठी वस्ती असल्याने कारली, भेंडी, हिरव्या मिरच्या सगळं मिळतं. दर शनिवारी तिथे जाऊन आठवड्याची भाजी आणली की घरची आठवण जरा आटोक्यात राहते.

इथल्या व्यवसायाचं काय? बिनपगारी तात्पुरतं काम म्हणजे पूर्ण वेळची पगारी नोकरी नव्हे, त्यामुळे त्यासाठी सनद स्थगित करण्याचा प्रश्न सहसा येत नाही. तरी बार कौन्सिलला एक पत्र लिहून ठेवा. खरी काळजी पक्षकारांची. कोठडीत असलेल्या आरोपीची प्रकरणं आधी वेगळी काढा. प्रत्येकाला किंवा त्याच्या घरच्यांना समोर बसवून सांगा, की मी अमुक तारखेपर्यंत नाही, तुमचं काम हे वकील पाहतील, आणि त्या वकिलांचा वकालतनामा तुम्ही जाण्याआधी दाखल झालेला असू द्या. मी चौदा प्रकरणं सोपवून गेले. एकात सोपवणं नीट झालं नाही, जामिनाचा अर्ज दोन तारखा लांबला आणि एक माणूस महिनाभर जास्त आत राहिला. चूक माझी होती. त्या कुटुंबाची मी माफी मागितली, पण तो महिना काही परत देता आला नाही. तुम्ही यादी दोनदा तपासा. सहायक सरकारी अभियोक्ता किंवा न्यायिक अधिकारी असाल तर गोष्ट वेगळी, तिथे वरिष्ठांची, न्यायाधीशांच्या बाबतीत उच्च न्यायालयाची, लेखी परवानगी आधी लागते.

आणखी एक गोष्ट, जी माझ्या वेळी नव्हती. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेने या न्यायालयावर निर्बंधांचा आदेश काढला. अभियोक्त्यावर आणि नंतर काही न्यायाधीशांवर प्रत्यक्ष निर्बंध आले. न्यायालयासाठी काम करणाऱ्यांचा अमेरिकेतला प्रवेश रोखण्याची तरतूदही त्या आदेशात आहे. तीन महिन्यांसाठी आलेल्या माणसापर्यंत हे पोचेलच असं नाही. पण पुढे अमेरिकेत शिकायचा बेत असेल, किंवा जवळची माणसं तिथे असतील, तर हा विचार आधी घरात बसून करा.

हेगचं जमलं नाही तर? म्यानमार आणि सीरियातल्या गुन्ह्यांचे पुरावे गोळा करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या दोन यंत्रणा जिनिव्हात आहेत. तिथे खटले चालत नाहीत, उद्याच्या खटल्यांसाठी कागद सांभाळले जातात. म्यानमारचं काम आपल्या शेजारचं आहे. रोहिंग्यांना सीमेपार बांगलादेशात हाकलण्यात आलं आणि बांगलादेश सदस्य आहे, एवढ्या धाग्यावर हेगच्या न्यायाधीशांनी १४ नोव्हेंबर २०१९ रोजी तपासाला परवानगी दिली. गुन्ह्याचा एक भाग आपल्या हद्दीत घडला की आपल्याला अधिकारक्षेत्र, हा मुद्दा तुम्ही दोन तालुक्यांच्या पोलीस ठाण्यांमध्ये अनेकदा भांडला असाल. तोच मुद्दा, दोन देशांच्या आकाराचा. शिवाय हेगच्या वकिलांच्या यादीत नाव नोंदवायला राष्ट्रीयत्वाची अट नाही. मुख्य वकिलासाठी दहा वर्षांचा आणि सहायकासाठी पाच वर्षांचा अनुभव लागतो, म्हणजे वर्षांच्या हिशोबाने सहायकाच्या यादीसाठी तुम्ही आजच बसता. यादीत नाव आलं की काम मिळतंच असं नाही, पण बचावाच्या चमूचे प्रमुख माणूस शोधतात ते आधी तिथे.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. परत येऊन या शिक्षणाचा उपयोग काय, असं मला माझ्या सीनियरनीही विचारलं होतं. दोन उपयोग सांगते.

पहिला, सरकार पक्षाकडचे कागद मागण्याचा. लुबांगाचा खटला जून २००८ मध्ये, सुरू होण्याआधीच, न्यायाधीशांनी थांबवला होता. अभियोक्त्याकडे आरोपीच्या बाजूने जाऊ शकतील असे दोनशेच्या वर कागद होते, ते गुप्ततेच्या अटीवर मिळवलेले होते आणि बचावाला दाखवता येत नव्हते. असा खटला न्याय्य होऊच शकत नाही, असं न्यायाधीश म्हणाले. पुढे कागद उपलब्ध झाल्यावरच तो सुरू झाला. आपल्याकडे दोषारोपपत्राच्या नकला मिळतात त्या सरकार पक्ष ज्यावर विसंबून आहे त्याच्याच. पण २० एप्रिल २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी खटल्यांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं ठरवली, त्यात ज्या जबाबांवर आणि कागदांवर सरकार पक्ष विसंबलेला नाही त्यांचीही यादी आरोपीला द्यावी, असं आहे. जिल्हा न्यायालयांत ही यादी मागणारे अर्ज आजही फार थोडे दिसतात. मी प्रत्येक सत्र प्रकरणात मागते. दोनदा त्या यादीत असा जबाब सापडला, की ज्याने खटल्याची दिशा बदलली.

दुसरा उपयोग ॲट्रॉसिटीच्या आणि सामूहिक हिंसेच्या प्रकरणांत. मानवतेविरुद्धचा गुन्हा सिद्ध करायचा तर खून झाला एवढं दाखवून भागत नाही. तो नागरी लोकसमूहावरच्या व्यापक किंवा पद्धतशीर हल्ल्याचा भाग होता, आणि आरोपीला त्याची जाणीव होती, हेही स्वतंत्र पुराव्याने उभं करावं लागतं. तो 'संदर्भाचा पुरावा' कसा बांधतात, यावर तिथे महिनोन्‌महिने काम चालतं: आधीच्या घटना, सभेत वापरलेली भाषा, गावोगावच्या तारखांचा क्रम, कोण कुणाच्या सांगण्यावरून हललं. आपल्या भारतीय न्याय संहितेत मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांचं प्रकरणच नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०१८ रोजी १९८४च्या शीखविरोधी हिंसेच्या सज्जन कुमार प्रकरणात ही उणीव स्पष्ट शब्दांत दाखवली, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही ती तशीच राहिली. पण संदर्भ सिद्ध करण्याची गरज आपल्याला रोज पडते. खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. भंडाऱ्याच्या न्यायालयाने आरोपींना खुनासाठी दोषी धरलं, ॲट्रॉसिटी कायदा मात्र लागू केला नाही. जात हेच कारण होतं हे आपण कोर्टात उभं करू शकलो नाही, ही गोष्ट विदर्भातली वकील म्हणून मला आजही बोचते. २०१६ पासून लागू असलेल्या दुरुस्तीने कलम ३(२)(पाच) खाली 'जातीच्या कारणावरून' ऐवजी पीडिताची जात माहीत असणं पुरेसं ठरवलं, तरी ती जाणीव सिद्ध करायला पुरावा लागतोच: गावातले आधीचे वाद, पाणवठा, रस्ता, शेतीची वहिवाट, पोलीस ठाण्यातल्या जुन्या अदखलपात्र तक्रारी. हा सगळा माल तालुक्याला पडलेला असतो. तो गोळा करून तारखेच्या क्रमाने, पानाच्या आणि ओळीच्या आधाराने मांडायला मी हेगला शिकले.

म्हणून निबंधाचा विषय शोधायला लांब जाऊ नका. लुबांगाच्या निकालपत्रातला मध्यस्थांवरचा भाग आधी वाचून काढा. अभियोक्त्याने गावांतून साक्षीदार मिळवण्यासाठी वापरलेल्या मध्यस्थांनी काही साक्षीदारांना पढवलं असावं, असं न्यायाधीशांना वाटलं आणि बालसैनिक म्हणून आलेल्या अनेक साक्षीदारांच्या म्हणण्यावर त्यांनी विसंबायचं नाकारलं. तरीही आरोपी दोषी ठरला, कारण बाकीच्या पुराव्याबरोबर चित्रफिती होत्या आणि त्यातली मुलं पंधरा वर्षांच्या आतली आहेत हे डोळ्यांना दिसत होतं. मग तुमचं एखादं निकाल लागलेलं ॲट्रॉसिटीचं किंवा दंगलीचं प्रकरण काढा, ज्यात गावातल्याच कुणीतरी साक्षीदार जमवले होते. नावं आणि गाव गाळा. तिथे काय घडलं आणि हेगला तसंच घडल्यावर न्यायाधीशांनी काय केलं, हे शेजारी शेजारी ठेवा. आधी मराठीत लिहून काढा, मुद्दा पक्का झाला की इंग्रजीत. साडेसातशे शब्द कमी पडतील, तेव्हा प्रस्तावना कापा, प्रकरण कापू नका.